शेवटच्या खांबाजवळचा माणूस

फार वर्षांपूर्वी, नद्यांना अजून बांध घातले गेले नव्हते त्या काळी, एका गावात एकच पाट होता. उन्हाळ्यातले त्याचे पहिले पाणी कोणी घ्यायचे, हे देवळाच्या सभामंडपात ठरे. देवाच्या अन्नछत्राला सर्वांत अधिक धान्य जो बोलेल, पाणी त्याचे. बोललेले धान्य सुगीनंतर द्यायचे. मात्र कोणी ‘कोठार उघडा’ म्हणाले, तर म्हणणाऱ्याचे आणि ज्याला म्हटले त्याचे, अशी दोघांचीही कोठारे तेव्हाच उघडत, आणि ज्याच्याकडे बोलल्याइतके धान्य नसेल त्याची जमीन देवाची होई.

गावातला एक व्यापारी दरवर्षी मुद्दाम उशिरा येई आणि शेवटच्या खांबाजवळ बसे, म्हणजे बोलण्याची पाळी सर्वांत शेवटी येई. हातात जपमाळ, ओठांवर देवाचे नाव, आणि डोळे? डोळे माणसांच्या चेहऱ्यांवर. कोणाचा आवाज चिरकला, कोण धोतराचा सोगा चुरगाळतो आहे, हे तो टिपून घेई. मग एकदम असा मोठा आकडा बोले की बाकीचे निमूट उठून जात. तेच पाणी तो त्याच लोकांना धान्य घेऊन विकी आणि त्यातूनच बोललेले धान्य देवापुढे ठेवी. देवाच्या दारात बसून देवालाच फसवणाऱ्या या माणसाला गाव हुशार म्हणत असे. धिक्कार असो त्या हुशारीचा आणि तिचे कौतुक करणाऱ्या जिभांचाही.

सात वर्षे असेच चालले. आठव्या वर्षी पानमळा राखणारी एक माळीण उभी राहिली. “तीन खंडी,” ती म्हणाली.

व्यापाऱ्याने तिच्या हाताकडे पाहिले. “पंधरा खंडी,” तो शांतपणे म्हणाला.

मंडप रिकामा होऊ लागला. माळीण मात्र जागची हलली नाही.

“बाई, हात कापतोय तुमचा,” व्यापारी हसला. “ऊन चढलंय, घरी जा.”

“कापतोय खरा. घरातलं बियाणंसुद्धा बोलून बसलेय मी. आता कोठार उघडा, शेठजी.”

“वहिनी, खाली बसा,” शेजारचा एक शेतकरी कुजबुजला. “मळा जाईल तुमचा.”

“पाण्यावाचून तो असाही जाणारच आहे, भावोजी.”

कोठारे उघडली. माळणीचे तीन खंडी धान्य दाण्यादाण्याने भरले. व्यापाऱ्याच्या कोठारात वर दोन पोती ज्वारी होती, खाली सगळा भुसा. कापणारा हात म्हणजे रिकामे कोठार, असा हिशेब त्याने धरला होता. त्याची जमीन देवाची झाली आणि पाटाचे पाणी पानमळ्यात शिरले.

मग गावाला शौर्य सुचले. लोक काठ्या घेऊन व्यापाऱ्याच्या दारी धावले. वृद्ध पुजाऱ्याने त्यांना वाटेतच अडवले.

“त्याचं एक कोठार रिकामं होतं. तुम्हा सगळ्यांची कोठारं सात वर्षं भरलेली होती, तरी तुम्ही उठून गेलात. आधी त्या उठून जाण्याची लाज धरा.”

काठ्या खाली आल्या. वर पाहण्याचे धैर्य कोणालाही झाले नाही.

बोध: लबाडाचे बळ त्याच्या कोठारात नसते, न तपासता माघार घेणाऱ्यांच्या पायांत असते.