ठकाईचा ढोल

नदीवर पूल नव्हता, त्या फार वर्षांपूर्वीच्या काळी तळवट गावात ठकाई नावाची वैदीण राहत होती. जीभ तिखट आणि हात मऊ, अशी बाई. सापाच्या विषावर ती एक औषध करी. तिचा बाप त्याला 'अगद' म्हणे, हा जुन्या वैद्यांचा संस्कृत शब्द. गावाच्या तोंडी तो कुठला बसायला! ती ते गाईच्या शिंगात भरून ठेवी, म्हणून सगळे 'ठकाईचं शिंग'च म्हणत. शिंग एकदा रिकामं झालं की पुन्हा भरायला वर्ष लागे, असं म्हणतात.

एका श्रावणात नदी दुथडी भरली होती. होडी घालायची कुणाची छाती नव्हती. भर दुपारी पैलवाडीच्या काठावरून एक माणूस ओरडू लागला, "ठकाई! माज्या सुनंला पान लागलंय! पोर अंगावर पितंय गं तिचं!"

साप चावला असं तेव्हा कुणी म्हणत नसे, पान लागलं म्हणत.

बाप सांगून गेला होता, रोग्यापर्यंत पोचता आलं नाही तर अगद ढोलाला माखावं. आवाज जाईल तिथवर विष उतरतं. ठकाईनं हे कधी करून पाहिलं नव्हतं. तिनं देवळातला ढोल काठावर आणवला. पाटील आडवे आले. "शिंगात एवढंच उरलंय. उद्या आपल्यातच कुणाला लागलं तर?"

"उद्याचं उद्या बगू, पाटील. हाक आज आलीया."

तिनं शिंग पालथं केलं, ढोल माखला आणि दिवस मावळेपर्यंत बडवला. तळहात सोलून निघाले. तेव्हा कुठे पलीकडून आरोळी आली, "डोळं उघडलं!" नदीसुद्धा त्या आवाजानं वीतभर उतरली, असं म्हणतात. मला ते खरंच वाटतं.

आठवड्यानं ती नव्या अगदासाठी मुळ्या खणायला रानात गेली आणि तिलाच पान लागलं. शिंग रिकामं होतं. पाटील उंबऱ्यात बसून लहान पोरासारखे रडले.

बातमी पलीकडे गेली. पैलवाडीनं आपला ढोल काढला. त्याला लावायला औषध कुठलं? तरी माणसं आळीपाळीनं वाजवत राहिली. ठकाईनं ऐकलं आणि ती हसली. "कोरडाच बडवत्यात येडी. वाजवू द्या."

दिवस कलायच्या आत ती गेली. पलीकडे ठाऊक नव्हतं, ढोल चालूच होता. थांबा म्हणून सांगायला अलीकडच्या कुणाचा जीव धजला नाही.

आता पूल झाला. पान लागलं की गाडी काढून थेट सरकारी दवाखाना गाठतात, आणि तेच बरं. पण नागपंचमीला पूल कुणी ओलांडत नाही. पैलवाडी आपल्या काठावर ढोल वाजवते आणि अख्खं तळवट अलीकडे बसून ऐकतं. हात भरून येईपर्यंत ते वाजवतात. पुरे, असं अजून अलीकडून कुणी म्हटलेलं नाही.