घुमट्या राक्षसाचं वाळवण

एक होतं गाव, डोंगराच्या अगदी पायाशी. आणि वर डोंगरात, एका गुहेत, राहायचा एक राक्षस. घुमट्या त्याचं नाव. बोलला की आवाज घुमायचा, म्हणून घुमट्या. उंचीने माडापेक्षा थोडा जास्तच. पण घाबरायचं नाही हं. तो माणसं खात नसे. तो भाजी खायचा.

हसताय काय? गावातल्या लोकांना नव्हतं हसू येत. व्हायचं काय, पावसाळा सरत आला की घरोघरी परसातले मांडव भरून जायचे. दोडकी, पडवळं, कारली लोंबायची. भोपळे छपरावर चढून बसायचे. आणि नेमका तेव्हा घुमट्या डोंगर उतरून यायचा. या परसातला मांडव उचल, घाल तोंडात. त्या परसातली वांगी ओरबाड, घाल तोंडात. वेल, पानं, काठ्यासुद्धा. एका दिवसात सगळं गाव साफ. मग ढेकर द्यायचा आणि वर निघून जायचा. आणि लोक पुढे वर्षभर नाचणीची भाकरी मिठाबरोबर खायचे. उन्हाळ्यात तर तीही घशाखाली उतरत नसे.

त्या गावात होती आवडा. तिचा नवरा गलबतावर, दूर समुद्रात. घरी ती आणि तिचे सासरे, सोनबा. म्हातारे, दात सगळे गेलेले. आणि आवडाला दिवस गेलेले, बरं का. चैत्रात बाळ यायचं होतं. तिला रात्रंदिवस एकच काळजी. चैत्रात घरात भाजीचं एक पान नसणार. मग आपण काय खायचं, आणि बाळाला दूध कुठून यायचं?

आश्विन लागला, आणि एका सकाळी जमीन हादरायला लागली. घुमट्या आला. लोक दरवर्षीसारखे देवळात जाऊन बसले. सोनबांनी सुनेला हाक मारली. आवडा मांडवाखाली दोडकी काढत होती. सुईणीने तिला धावपळ करू नकोस म्हणून बजावलं होतं. आणि खरं सांगू? तिला जायचंच नव्हतं. सबंध पावसाळा तिने त्या वेलांना जपलं होतं.

तेवढ्यात कुंपणावरून हात आला. केवढा? हे आपलं अंथरूण आहे ना, एवढा नुसता तळवा. आवडा दोन पावलं मागे सरकली. पण ती मांडवाचा खांब धरून उभी राहिली आणि म्हणाली, "जरा थांब."

घुमट्याला आजवर कुणी थांब म्हटलंच नव्हतं. त्याला बघून सगळे पळायचे. त्यामुळे तो गडबडला, आणि थांबला.

मग आवडाने त्याला विचारलं, "चैत्रात काय खातोस रे तू?"

घुमट्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "काही नाही. पडून असतो. पोट दुखतं."

"यंदा माझंही तसंच व्हायचंय," आवडा म्हणाली.

घुमट्याने हात मागे घेतला. तो कुंपणाबाहेर मांडी घालून बसला. मग आवडाने त्याला सांगितलं की तू एका दिवसात जे संपवतोस ना, ते चैत्रापर्यंत पुरवता येतं. निम्मं तुला, निम्मं गावाला. पण कष्ट पडतील. आणि मी सांगेपर्यंत चांगलं फळ तोंडात घालायचं नाही. किडकं, निबर, साली, जुने वेल, तेवढं तुझं. घुमट्याला काही ते खरं वाटेना. पण त्याचं पोट उन्हाळाभर फार दुखायचं हो. तो कबूल झाला.

देवळातली माणसं आवडाला खूप बोलली. राक्षसावर कुणी भरवसा ठेवतं का, म्हणाली. सोनबा म्हणाले, "तसंही तो सगळं नेणारच होता. बघू या तरी." 

मग कामाला सुरुवात झाली. पहिलं काम काढणीचं. घुमट्याने पहिला भोपळा असा उपटला की वेल, छपराची काठी, सगळंच हातात आलं. आवडाने त्याला दाखवलं. भोपळा काढायचा तो देठासकट, नाहीतर कुजतो. भेंडी कोवळी असतानाच खुडायची. एक दोडकं वेलावर तसंच वाळू द्यायचं, बियांसाठी. घुमट्या दोन नखांनी हळू हळू खुडायला शिकला. जीभ बाहेर काढून खुडायचा, तुम्ही चित्र काढताना काढता ना, तशी.

दुसरं काम मीठ आणि मडकी आणायचं. मीठ आणायला तो समुद्रावर गेला, आणि कुंभाराच्या गावाहून मडकी घेऊन आला. गळ्यात दोरीने बांधून, सगळी एकदम. वाटेत एकही फुटू दिलं नाही.

आणि तिसरं काम वाळवणाचं. ते सगळ्यात अवघड, बरं का. डोंगरावर मोठा काळा कातळ होता. गावातल्या बायका हळूहळू धीर करून वर आल्या. त्यांनी कोहळे किसले, उडदाची डाळ वाटली, आणि सांडगे घातले. मिरच्यांना चिरा देऊन आत धणे, मेथी, मीठ भरलं. कारल्याच्या चकत्या नि गवारीच्या शेंगा ताकात भिजवून पसरल्या. कातळ नुसता भरून गेला. घुमट्या राखण करत बसला. समोर एवढं खायला, आणि तोंडात घालायला काय, तर भोपळ्याच्या साली. पोटातून गुरगुर आवाज यायचा. तरी तो हात मांडीखाली दाबून बसायचा.

एके दुपारी सगळे जेवायला खाली गेलेले. आणि पलीकडच्या डोंगरावरून ढग आले, काळेकुट्ट. बायका धावत सुटल्या, पण चढण केवढी. पाऊस आधी पोचला. आता सगळं भिजणार, बुरशी लागणार, संपलं सगळं. आवडा धापा टाकत वर आली आणि बघते तर काय?

घुमट्या हात आणि गुडघे टेकून कातळावर ओणवा झाला होता. पाठीचं छप्पर केलं होतं त्याने. पाठीवर गारा तडतडत होत्या, आणि नाकाच्या खाली, अगदी नाकाच्या खाली, मसाल्याच्या मिरच्या. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. तोंडही मिटलेलं.

संध्याकाळपर्यंत पाऊस पडला. घुमट्या हलला नाही. मग सोनबांनी काय केलं माहीत आहे? ते हळूहळू वर चढून आले, आपल्या डोक्यावरचं इरलं काढलं, आणि त्या राक्षसाच्या एका कानावर धरून उभे राहिले. एवढंच झाकलं जात होतं त्यांच्याने. पण ते तसेच उभे राहिले, पाऊस थांबेपर्यंत. त्या दिवसापासून गावात कुणी त्याला राक्षस म्हणेना. घुमट्याच म्हणायचे.

पुढे ऊन पडलं. सगळं कसं खडखडीत वाळलं. मग आवडाने ते मडक्यांत भरलं, तोंडाला फडकी बांधली आणि वरून शेणमातीने लिंपलं. गावात उंदीर फार, म्हणून मडकी घुमट्याच्या कोरड्या गुहेत ठेवायची ठरली. आवडा त्याला म्हणाली, चैत्र लागला की मी येईन, पहिलं मडकं मी उघडेन, तोवर हात लावू नकोस.

थंडी आली, थंडी गेली. झाडं वाळली, ओढा आटला. चैत्र लागला. आणि आवडाला मुलगी झाली. झाली खरी, पण आवडा फार अशक्त झाली. उठवेना तिला. भुकेल्या घुमट्याच्या गुहेत जायला दुसऱ्या कुणाचा धीर होईना. लोक म्हणायला लागले, आता वर काय असणार? फुटकी मडकी असतील.

आवडा अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकायची, आणि तिलाही वाटायचं, असेल तसंच. एवढा भुकेला जीव, किती दिवस धरणार? चालता यायला लागलं, तशी तिने लेकीला पदरात बांधलं, आणि ती सोनबांबरोबर डोंगर चढली. थांबत थांबत, बसत बसत.

घुमट्या गुहेच्या तोंडाशी आडवा पडला होता. गाल बसलेले, बरगड्या वर आलेल्या. आणि त्याच्या मागे मडकी होती. सगळी. लिंपलेली तशीच. एका मडक्याच्या मातीवर तेवढा एका बोटाचा ठसा होता.

"तू आली नाहीस," घुमट्या म्हणाला. "म्हणून मी उघडलं नाही."

आवडा त्याच्याजवळ बसली. तिने पदर बाजूला करून त्याला बाळ दाखवलं. म्हणाली, "हिच्यामुळे उशीर झाला."

मग तिने पहिल्या मडक्याचं लिंपण फोडलं. काय वास सुटला म्हणून सांगू. सोनबांनी आशेने बरोबर घेतलेली कढई नि तेल काढलं, आणि तीन दगडांची चूल मांडली. आवडाने सांडगे तळले, गवार शिजवली, आणि पहिलं पान घुमट्यापुढे ठेवलं. त्याने ते बोटाने तिच्याकडे सरकवलं. "आधी तू," तो म्हणाला. "बाळाला दूध लागेल." आवडा जेवली. सोनबांनी सांडगा गवारीच्या रश्शात भिजवून मऊ करून खाल्ला. मगच घुमट्याने एक तळलेली मिरची तोंडात टाकली. डोळ्यांतून घळघळा पाणी आलं त्याच्या, आणि अशी उचकी लागली की बाळ दचकून जागं झालं. तो हसला. मग आवडा आणि सोनबाही हसले.

उचकीचा आवाज खाली गावात गेला, आणि लोक टोपल्या घेऊन वर आले. त्या उन्हाळ्यात गावात कुणी कोरडी भाकरी खाल्ली नाही, आणि घुमट्याचं पोट दुखलं नाही. वैशाखात आवडाचा नवरा समुद्रावरून परत आला, आणि त्याने लेकीला मांडीवर घेतलं. पाऊस पडला, तेव्हा घुमट्याने सगळ्यांच्या परसात मांडवाचे खांब रोवून दिले. सगळे पोटभर जेवले, आणि सुखात राहिले.

झाली बरं गोष्ट. आता कुशीवर वळा पाहू, पाय आत घ्या, आणि मिटा डोळे. सगळे झोपले आता. आवडाची लेकसुद्धा.