पाठीकडून उघडणारी सॅक

तुम्ही शहाणे झालात, आणि त्या शहाणपणाचा पहिला उपयोग काय केलात, तर दाराला आणखी एक कडी लावलीत! आता दार वाजले की तुम्ही आधी कडी चाचपता, आणि कोण आले ते मग विचारता. म्हणून ही गोष्ट ऐका.

एकदा एका वृद्ध छायाचित्रकाराचे हात कापू लागले. सह्याद्रीच्या कड्यांवरची गिधाडे टिपण्यात त्याचे आयुष्य गेले होते. राहून गेले होते ते एकच चित्र: पिल्लाने कपारीतून घेतलेली पहिली झेप. त्या डोंगरात आता गिधाडांची एकच जोडी उरली होती आणि कपारीत त्यांचे एकुलते एक पिल्लू वाढत होते. वृद्धाने आपला कॅमेरा शिष्याच्या ओंजळीत ठेवला.

“माझ्या हातांचं आता काही खरं नाही. डोळे शाबूत आहेत तोवर हे चित्र मला दाखव.”

शिष्य भारावला, आणि तितकाच घाबरला. गुरूचा कॅमेरा! तो न्यायचा कशात? गुरूला घेऊन तो दुकानात गेला. खांद्याला अडकवायच्या पिशव्या त्याने हातही न लावता नाकारल्या. शेवटी दुकानदाराने एक काळी सॅक पुढे केली.

“हिची चेन पाठीच्या बाजूला आहे. एकदा अंगावर चढवली की मागून कुणाच्या बापाला उघडायची नाही. चोरानं हात घातलाच, तर नुसतं कापड लागेल.”

“आणि मागे मी असलो तर?” गुरूने विचारले.

“गुरुजी, तुम्ही काय चोर आहात?” शिष्य हसला. दुकानदारही हसला. सॅक घेतली गेली.

वैशाखातल्या एका सकाळी दोघे कडा चढू लागले. पुढे शिष्य, मागे गुरू. वाट इतकी अरुंद, की एका हाताने कातळ धरल्यावाचून पाऊल पडत नव्हते. पलीकडच्या सपाट खडकावर पोहोचून कॅमेरा काढायचा, असे ठरले होते. पण एका वळणावर समोरची कपार दिसली आणि शिष्य जागीच थबकला. पिल्लू अगदी कडेला आले होते. त्याने पंख पसरले होते.

सॅक खाली ठेवायला तिथे वीतभरही जागा नव्हती.

“गुरुजी, कॅमेरा! तुम्ही काढा!”

गुरूचा थरथरता हात सॅकवर फिरला. वर, खाली, कडेने. सगळीकडे नुसते कापड. शिष्याने घाईने एक पट्टा सोडवला तसा त्याचा पाय घसरला. गुरूने त्याला कातळाशी दाबून धरले. तेवढ्यात पिल्लू झुकले, दगडासारखे खाली गेले, आणि दरीत कुठेतरी त्याच्या पंखांनी वारा धरला.

शिष्याने ती झेप पाहिली. गुरूने तीही पाहिली नाही. त्याचे डोळे शिष्याच्या पाठीवर चेन शोधत होते.

सपाट खडकावर पोहोचल्यावर गुरू म्हणाला, “आता काढ कॅमेरा. त्या कपारीचा फोटो घे.”

“आता काय आहे तिथे?” शिष्याने विचारले.

“घे.”

शिष्याने फोटो घेतला. मग गुरू त्याच्याजवळ बसला.

“सॅक वाईट नाही रे. गर्दीच्या बाजारात हीच घ्यावी. पण निवडताना तू चोराला डोळ्यांसमोर आणलंस. पिल्लाला नाही, मलाही नाही. ज्याची भीती वाटते त्याच्या मापाने वस्तू घेतली, की ती त्याच्याच कामाची होते. मागून येणारा प्रत्येक हात चोराचा, असं धरून चाललास. मग माझा हात वेगळा कसा ठरणार? पिल्लू गेलं, ते काही आता परत कपारीत बसायचं नाही. पण आपण काय गमावलं, ती जागा तरी नीट पाहून ठेव.”

शिष्य बराच वेळ त्या कपारीकडे पाहत राहिला.

पुढे त्याने तो फोटो छापून गुरूच्या घरी नेला. गुरू तो न्याहाळत बसला. चहा घेऊन आलेल्या गुरुपत्नीने चष्मा वर सरकवून पाहिले.

“यात पाखरू कुठंय?” तिने विचारले. मग तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिले, हातातला कप खाली ठेवला, आणि म्हणाली, “बरं, असू दे. यांनी भिंतीला खिळा कधीचा ठोकून ठेवलाय. आण इकडे, हाच लावू.”