नाडीत न सापडलेलं दुखणं

पांझरेच्या काठी नांदवण नावाचं गाव आहे. गावाच्या वरच्या अंगाला नदीला आडवा दगडी बंधारा, बंधाऱ्याच्या टोकाशी मारुतीचं देऊळ आणि देवळाला लागून एक कुडाची खोली. सखाहरी महाराज नांदवणला आले ते चार दिवसांसाठी, आणि त्या खोलीत राहिले एकोणीस वर्षं! महाराज प्रवचन फारसं करत नसत. कुणी भेटायला आलं की आधी "जेवलास का?" असं विचारत. गावाचं काम निघालं की सगळ्यांबरोबर फावडं घेऊन चिखलात उतरत. भक्तहो, ही कथा अशाच कामाच्या दिवसांतली आहे.

बंधाऱ्याचं पाणी एका पाटाने सगळ्या शेतांना जायचं. पावसाळ्यात पाट गाळाने भरायचा. म्हणून गहू बोटभर वर आला की तीन दिवस घरटी एक माणूस गाळ काढायला हजर! ज्या घरचा माणूस एकही दिवस चुकला, त्या घरच्या शेताला पहिलं पाणी नाही. दुसरी पाळी यायची पंधरा दिवसांनी, आणि तोवर तहानलेला गहू कसला टिकतोय? सूट फक्त आजाऱ्याला. आणि आजारी कोण, ते ठरवायचे विसाजीपंत वैद्य.

पंतांचा हात खरोखर गुणी होता, त्यात वाद नाही. मनगटाला तीन बोटं लावून ते सांगायचे की तू काल रात्री शिळी कढी खाल्लीस, आणि ते खरं निघायचं! पण त्याच गुणाचा त्यांना ताठा चढला होता. रोगी काही सांगू लागला की म्हणायचे, "तू गप्प बस. तुझ्यापेक्षा तुझी नाडी शहाणी आहे."

त्याच गावात चिंधाबाई नावाची विधवा होती. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने नजर लागू नये असं नाव ठेवलेलं. तिच्या घरात ती एकटीच, आणि शेत म्हणजे गव्हाची एक चिंचोळी पट्टी. वर्षाची भाकरी त्या पट्टीतूनच यायची. रोज पहाटे ती देवळाची पायरी झाडायची, महाराजांना लांबूनच हात जोडायची आणि कामाला लागायची. मागायची काही नाही. त्या वर्षी पहिले दोन दिवस तिने पुरुषांच्या बरोबरीने गाळाच्या पाट्या उचलल्या. तिसऱ्या दिवशी मात्र ती आलीच नाही.

दुपारी पाटाची देखरेख करणारा उखाजी पाटकरी चार माणसं आणि विसाजीपंतांना घेऊन तिच्या दारात गेला. दार बंद. उखाजीने ते धाडकन ढकललं. आत चिंधाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती, डोक्याला ओला फडका गच्च बांधलेला. उजेड आत आला तशी ती कळवळली, "माय वं! दार लावा, दार लावा!"

"दार काय लावा? काल तर चांगली पाट्या उचलत होतीस," उखाजी म्हणाला.

"अर्धं डोकं दुखतंय, भाऊ. पहाटेपासून उभं राहता येत नाही."

पंत खाली बसले. मनगट धरलं, डोळे मिटले, जीभ पाहिली, कपाळाला हात लावला. मग उठून उपरणं झटकलं. "ताप नाही. जीभ स्वच्छ. नाडी कशी हंसासारखी चालली आहे! चिंधे, ढोंग करायचं तर जरा अभ्यास तरी करायचा."

माणसं हसली. एकजण म्हणाला, "पंत, ह्या दुखण्याचं नाव आळस!"

"खरंच दुखतंय हो," चिंधाबाई म्हणाली. पण कसं दाखवणार ती? जखम असती तर दाखवली असती. सूज असती तर बोट ठेवलं असतं. दुखत होतं ते फक्त तिलाच कळत होतं आणि तिथे तिच्याशिवाय कुणाला जाताच येत नव्हतं.

"उखाजी, हिची पहिली पाळी कापा," पंतांनी निकाल दिला. चिंधाबाईच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली. तिने मोठ्याने रडायचंही टाळलं, कारण हुंदक्याने डोकं आणखी ठणकत होतं. मनातल्या मनात तिने महाराजांना हाक मारली.

आणि महाराज दारात उभे! गुडघ्यापर्यंत गाळ, खांद्यावर फावडं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग अंधारात तिच्याजवळ बसून अगदी हळू विचारलं, "बाई, कसं दुखतं?"

सकाळपासून हे कुणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "डाव्या डोळ्यामागं कुणी जातं फिरवतंय, महाराज. बोलण्याचा आवाज आला की जोरात फिरतं."

"डोळ्यात जातं!" पंत मोठ्याने हसले. "मग पीठ कुठे आहे?"

महाराज म्हणाले, "पंत, गूळ कसा लागतो?"

"गोड. हा काय प्रश्न झाला?"

"कशावरून?"

"मला लागतो ना! हवं तर ह्या चौघांना विचारा."

"हे चौघं त्यांच्या जिभेचं सांगतील. तुमच्या जिभेवर कोण जाऊन आलंय?"

पंतांनी मान उडवली. मग म्हणाले, "हा शब्दांचा खेळ झाला. जे नाडीत नाही ते देहात नाही, असं माझं शास्त्र सांगतं."

"असेल. मग एकदा नीट बघा," महाराज म्हणाले. पंतांनी तिचं मनगट पुन्हा धरलं आणि महाराजांनी आपला चिखलाचा हात पंतांच्या पाठीवर ठेवला.

काय सांगावं! दोन्ही हातांनी डावा डोळा दाबून पंत जमिनीवर कोसळले. फटीतून येणारा उजेडाचा कवडसा त्यांना सुईसारखा टोचू लागला. आणि इकडे चिंधाबाई उठून बसली. तिचं डोकं एकदम हलकं झालं होतं!

उखाजी घाबरला. "पंत, काय झालं?"

"ओरडू नकोस... फिरतंय रे... डोळ्यामागं..."

उखाजीने गडबडीत पंतांचं मनगट धरलं. पंतांबरोबर हिंडून त्यालाही थोडं कळत होतं. तो गोंधळून म्हणाला, "पण पंत, नाडी तर झकास चाललीय तुमची! तापही नाही."

मघाचा तो माणूस कुजबुजला, "पंतसुद्धा ढोंग करतात की काय?"

"खरंच दुखतंय रे!" पंत कळवळले. ते वाक्य स्वतःच्याच तोंडून ऐकलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

चिंधाबाई मात्र थांबली नाही. तिने उखाजीला आणि त्या चौघांना खुणेने बाहेर घालवलं, फटीत फडका कोंबला, दुसरा फडका भिजवून पंतांच्या डोक्याला गच्च बांधला. काय करायचं ते तिला पाठ होतं. मग महाराजांना हात जोडून म्हणाली, "त्यांना नाही सोसायचं, महाराज. मला सवय आहे. माझं मला परत द्या."

पंतांनी हे ऐकलं. महाराजांनी पंतांच्या कपाळावरून एकदा हात फिरवला आणि फावडं तिथेच ठेवून ते देवळाजवळच्या आपल्या खोलीकडे निघून गेले. पंतांचं दुखणं थांबलं. चिंधाबाई घाबरून वाट पाहत राहिली, पण तिचं दुखणं काही परत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाला पाणी सुटलं. चिंधाबाईच्या पट्टीशी विसाजीपंत धोतर खोचून उभे होते! ज्यांनी जन्मात फावडं धरलं नव्हतं, त्यांनी वाकून तिच्या वाफ्याचा बांध स्वतः फोडला. पाणी गव्हात शिरलं तेव्हा ते सगळ्यांदेखत म्हणाले, "चिंधाबाई, मी तुमची नाडी बघितली, तुम्हाला विचारलं नाही. चुकलो." ती लाजून पदरात हसली.

तिथून पंत तसेच चिखलाच्या पायांनी महाराजांच्या खोलीकडे धावले. दार सताड उघडून त्यांनी मोठ्याने गजर केला, "सखाहरी महाराज की जय! महाराज, माझे डोळे उघडले!"

आत महाराज भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोक्याला ओला फडका बांधलेला.

"पंत, जरा हळू," महाराज म्हणाले. "आणि तेवढं दार लोटून घ्या."

पंत जागच्या जागी थिजले. मग आवाज न करता त्यांनी दार लोटलं, अंधारात चाचपडत पुढे गेले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.