न झेपणारा हप्ता

रत्नागिरीच्या शैला मयेकरांनी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी बँकेचं क्रेडिट कार्ड वापरलं होतं आणि शिवणाच्या दुकानासाठी ओव्हरड्राफ्ट घेतला होता. दोन्हींचं मिळून महिन्याला पावणेसात हजार नुसतं व्याज जायचं. मुद्दल जागचं हलत नव्हतं. आता शिलाई मशिनं विकायची वेळ आली, तेव्हा त्यांनी त्याच बँकेत अर्ज केला: कमी व्याजाचं एकच कर्ज द्या, त्यातून दोन्ही फेडते. हप्ता बसत होता पाच हजार सातशे, आणि पाच वर्षांत सुटका.

मॅनेजर धायगुडे खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, हा हप्ता तुम्हाला झेपणार नाही. उत्पन्न बघा आपलं."

"तसं लेखी द्या, साहेब."

धायगुड्यांनी ऐटीत लिहिलं, 'पाच हजार सातशे भरण्याची अर्जदाराची ऐपत नाही,' आणि सहीशिक्का ठोकला.

शैलाताईंनी कागद पर्समध्ये ठेवला. "आता तक्रार करायला बरं. जिची एवढीही ऐपत नाही, तिच्याकडून तुम्ही तीन वर्षं पावणेसात हजार घेताय. वर कार्डाची मर्यादा न मागता दोनदा वाढवलीत. तेव्हा उत्पन्न कोणी बघितलं?"

साहेब ताठ बसले. "अहो ताई, तो कागद द्या इकडे."

"मंजुरीचा द्या, हा घ्या."

चार दिवसांत कर्ज मंजूर झालं, मशिनं वाचली. तीन वर्षांचं व्याज मात्र गेलं ते गेलंच. मंजुरीपत्र घेऊन शैलाताई निघाल्या, तेव्हा दारातल्या टेबलापाशी बँकेचा माणूस एका म्हाताऱ्याला कार्ड देत होता.

"सही करा काका. उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही."