काय झालं?

“…पण मुलीला झोप का लागत नाही, ते सांगा ना अक्का!”

दिगंबर खांबेटे तिसऱ्यांदा विचारत होते. नीलाक्का मठाच्या ओसरीवर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

खांबेटे बॉयलर इन्स्पेक्टर होते. कुठे काय फुटेल हे शोधण्यात उभी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावरही ती खोड काही सुटली नाही. मठात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी हलणारी पायरी, गंजलेला पत्रा आणि समईजवळचा पडदा दाखवून दिला होता. तिन्ही बाबतींत त्यांचं बरोबर होतं.

“शर्वरी तेहतीस वर्षांची आहे. नागपुरात चांगली नोकरी. छातीत सारखं धडधडतं म्हणते. डॉक्टर झाले, औषधं झाली. आता नोकरीच सोडतेय…” ते जरा पुढे सरकले. “एकुलती एक आहे हो. ताईत द्या, अंगारा द्या, काहीही द्या.”

“तिला फोन लावा की.”

“आत्ता? काय सांगू?”

“लावा तर.”

पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“काय झालं, बाबा? आई बरी आहे ना?”

“अगं, काही नाही… सहज केला.”

“सहज? खरं सांगा!”

चार वेळा ‘काही नाही’ म्हणून खांबेट्यांनी फोन ठेवला.

“बघा, ही अशी घाबरते! आता तुम्हीच…”

एवढ्यात फोन वाजला. शर्वरीचाच. खांबेट्यांनी झडप घातली.

“काय झालं गं?”

“काही नाही बाबा,” ती म्हणाली. “तुम्हाला काही झालं नाही ना, म्हणून केला…”

अक्कांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच खांबेट्यांकडे पाहिलं.

खांबेट्यांनी फोन बंद करून मांडीवर ठेवला. त्यांना लाज वाटली. पोरीची फार दया आली.

“आमचे वडीलही असंच विचारायचे,” ते पुटपुटले.

अक्का पुन्हा सोलू लागल्या.

“मग… ताईत?”

“ताईत नाही. रोज फोन करायचा. काही काम नसताना.”

“किती दिवस?”

अक्कांनी एक शेंग मोडली, दाणे परातीत टाकले.

“तुमच्याशी बोलता बोलता ती जांभई देईस्तोवर.”