देव्हाऱ्यातलं चित्रांचं पुस्तक

“खाली उतर, अनसे! देव्हाऱ्याला शिवायचं नाही म्हणून किती वेळा सांगू?”

“देवाला नाही शिवत, आत्या. पुस्तक काढतेय.”

“तेही देवच की! परीच्या हातचं पुस्तक म्हणजे काय भाजीचं टोपलं आहे, कुणीही यावं अन् चिवडावं?”

अनसा पाटावर टाचा उंचावून उभी होती. तिचा हात लाल फडक्यात गुंडाळलेल्या पुस्तकापर्यंत पोचला होता, आणि गौराआत्यानं तिच्या परकराचा काठ घट्ट धरला होता. धाकटी ठकू बाजेखाली शिरून बसली होती.

आई-बापाविना या दोन पोरी. आत्या झेंडूचे हार ओवायची, तेव्हा कुठं चूल पेटायची. अनसाला वाचायची भारी हौस. ठकूला मात्र पाटी दिसली की ताप चढायचा! तिला पुस्तकाचा लळा लागावा, एवढंच अनसाच्या मनात होतं.

आणि एका सोनेरी सकाळी, बागेत फुलं खुडताना, बोरीच्या काट्यात अडकलेली एक इवलीशी परी तिला दिसली. पंख मोरपिशी, झगा अबोलीच्या रंगाचा, केसांत दवाचे थेंब लुकलुकणारे. अनसानं हळूच, पंखाला धक्का न लावता, काटे बाजूला केले. स्वतःची बोटं रक्ताळली तरी हूं की चूं केलं नाही.

“माग, बाळ, काय हवं ते,” परी म्हणाली.

पोरीच्या पोटात भूक होती, अंगावर ठिगळं होती. पण तिनं मागितलं काय? धाकटीसाठी चित्रांचं पुस्तक!

परीनं टाळी वाजवली. पानोपानी मोर, फुलपाखरं असलेलं पुस्तक झेंडूच्या ताटव्यात अलगद उतरलं. “पण नियम ऐक हं. रोज ते लेकरासमोर उघडायचं. ज्या दिवशी मिटलेलं राहील, त्या दिवशी त्यातलं एक चित्र उडून जाईल. गेलेलं चित्र मलाही परत आणता यायचं नाही.”

त्या दिवशी ठकूनं पहिलं पान पाहिलं. पानावर निळा, गुबगुबीत हत्ती होता. “हा माझा ढोल्या!” म्हणत तिनं त्याची सोंड कुरवाळली. पाटीला भिणारी पोर पुस्तकाला गाल लावून खुदुखुदु हसली.

तेवढ्यात आत्या आली. परीचं पुस्तक म्हटल्यावर तिनं ते कपाळाला लावलं, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. दसऱ्याला पुस्तकं पुजायची एवढंच तिला ठाऊक. उघडून तिच्या पुढ्यात कुणी कधी धरलीच नव्हती. रोज धूप, रोज फूल, रोज नमस्कार. अहो, धूप देवाला चालतो. पुस्तकाला डोळे लागतात डोळे!

अनसाला नियम माहीत होता. पण मोठ्यांना उलटून बोलू नये, म्हणून ती गप्प राहिली. ठकू रोज विचारायची, “ढोल्या जेवला का?” मग कधीतरी विचारायची थांबली. पुन्हा पाटी दिसली की बाजेखाली.

तेव्हा कुठं अनसा पाटावर चढली होती.

ओढाताणीत फडकं सुटलं, पुस्तक जमिनीवर उघडं पडलं. पहिलं पान कोरं. दुसरं कोरं. मोर नाही, फुलपाखरं नाहीत. अगदी शेवटच्या पानावर एक पिवळं बदक तेवढं उरलं होतं.

“अगं बाई! माझ्या देव्हाऱ्यात चोरी?” आत्याचा आवाज चिरकला.

टोपलीतल्या झेंडूंतून केशरी उजेड फुटला आणि परी वर आली. तिचे डोळे ओले होते. “कुणी मिटून ठेवलं हे?”

“चूक माझी,” अनसा घाईनं म्हणाली. “आत्याला नियम ठाऊक नव्हता. मला होता, आणि मी बोलले नाही. ढोल्याला तेवढं आण ना गं!”

“नाही आणता येत, बाळ.” परीनं तिचे गाल पुसले. “पण आत्यावर ढकललं नाहीस, खरं बोललीस. आजपासून हे रोज उघडलंत, तर रोज एका कोऱ्या पानावर नवं चित्र उमलेल. हत्ती मात्र पुन्हा यायचा नाही.”

गुलाबी, जांभळा, चंदेरी उजेड घरभर भिरभिरला आणि परी त्यात विरघळून गेली.

“ढोल्या गेला?” बाजेखालून आवाज आला. “मग मला नको पुस्तक.”

“बघितलंस, आत्या?” अनसा रडत ओरडली.

“मी काय मुद्दाम केलं? जीव ओवाळला गं त्याच्यावर!” आत्याही तडकली.

“ओवाळलास, पण उघडलं नाहीस!”

कोऱ्या पानावरून आत्यानं बोट फिरवलं, जिथं सोंड होती तिथून, अगदी हळू. मग पुस्तक उचलून ती बाजेजवळ फतकल मारून बसली, मांडीवर बदकाचं पान उघडलं आणि खाली वाकून म्हणाली, “ठकूबाई, मला अक्षर येत नाही आणि तुझा हत्ती मी घालवला, आता हे बदक एकटं कुठं निघालंय ते तूच मला सांग, मी ऐकते.”